बाकावरचा अर्धा तास

१

मोठ्या सरांना मारणाऱ्यानं घाई केली नव्हती. डोक्यावर सात घाव होते. पहिला मागून बसलेला, बाकीचे सहा सर उताणे पडल्यावर. डाव्या हाताची तीन बोटं मोडून उलटी वळली होती, कारण त्यांनी हात मध्ये घातला होता. गॅसच्या सिलिंडरचं तोंड उघडायचा हातभर लांबीचा लोखंडी पाना शेजारीच पडला होता आणि त्याच्या जबड्यात पांढरे केस अडकले होते.

ही वासावर संशोधन करणारी प्रयोगशाळा. खाली उंदरांचे पिंजरे, वर यंत्रं, आणि वरच्या मजल्याच्या अगदी टोकाला ही बाटल्यांची खोली. चारशे वास चारशे बाटल्यांत भरून फळ्यांवर ओळीनं लावलेले. झटापटीत एक फळी कोसळली होती, आणि तिच्याखाली ठेवलेली अमोनियाची भलीमोठी बाटलीही फुटून तिचा लोंढा दारापर्यंत आला होता.

निरीक्षक बाई जिना चढून वर आल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते. मागून हवालदार नाकावर रुमाल दाबून येत होता.

"मॅडम, तुमच्या नाकाला सुट्टी आहे ते बरंय," तो म्हणाला. "सडक्या अंड्यापासून गुलाबापर्यंत सगळं एकदम सांडलंय इथं. माझं सकाळचं खाल्लेलं वर यायला लागलंय."

बाईंच्या नाकाला तीन वर्षं सुट्टीच होती. एका दंगलीत कुणीतरी मागून सळई घातली, कवटीला तडा गेला, आणि नाकाच्या छतातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक धागे तटातट तुटले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी दवाखान्यातला फिनेलचा वास घ्यायला श्वास ओढला आणि आत नुसती गार हवा गेली. तेव्हापासून दूध नासलंय का हे त्या बोटानं चाखून ठरवायच्या. खात्यात याची चेष्टा व्हायची. हवालदाराची चेष्टा त्यांना चालायची, कारण त्या दिवशी त्यानंच त्यांना खांद्यावर टाकून बाहेर काढलं होतं.

खोलीच्या दाराला लागून एक लाकडी बाक होता. तपासून घ्यायला आलेली माणसं तिथं वाट बघत बसत. दाराखालची रबराची पट्टी फाटलेली होती आणि फटीतून ओल बाहेर आली होती. बाई बाकापाशी थांबल्या मात्र, त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. नाकात सुया टोचल्यासारखं झालं, घसा आवळला, आणि त्या खोकत चार पावलं मागं सरल्या.

"खिडक्या उघडा आधी," त्या म्हणाल्या.

वारा खेळल्यावर त्या ओला रुमाल बांधून आत गेल्या. प्रेताकडे त्यांनी नीट पाहिलं. मग टेबलाकडे. खालचा खण उचकटलेला होता आणि रिकामा होता.

दारात धाकटे सर उभे होते. खण बघून त्यांचा चेहराच उतरला.

"एकतीस माणसांची फाईल होती त्यात," ते म्हणाले. "जन्मापासून वास न येणारी माणसं. कुणाचा नंबर कोणता, हे फक्त त्या फाईलमध्ये होतं."

२

खून करणाऱ्याला फाईल कुठं असते ते ठाऊक होतं, म्हणजे तो घरातलाच म्हणायचा. बाईंनी खालच्या मजल्यावर एक खोली मागून घेतली आणि एकेकाला समोर बसवलं.

पहिला आला पिंजरेवाला. पन्नाशीचा, उंदरांना हाताळून हाताळून मनगटांवर चाव्यांची नक्षी झालेला. सगळे त्याला उंदीरमामा म्हणत.

"सरांशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे परवा," बाई म्हणाल्या.

"झालं होतं की. लपवायचं काय त्यात? वासाचं दार नसलेली उंदरांची जात आहे आमच्याकडे. त्यांच्या पिल्लांना आईच्या दुधाचा वास लागत नाही, तोंड लावता येत नाही, दोन दिवसांत मरतात. मी त्यांना ड्रॉपरनं दूध पाजलं. सर म्हणाले, प्रयोगाचा सत्यानाश केलास, उद्यापासून येऊ नको. मी म्हणालो, येणार. आणि आलो."

"रागाच्या भरात तुम्ही म्हणालात, एक दिवस तुमचं डोकं फोडीन."

"म्हणालो. आमच्या तोंडाला फाटक नाही, मॅडम. पण हाताला आहे."

"आज दुपारी?"

"एक वाजता वर काच फुटल्याचा आवाज आला. मोठा. घड्याळ बघितलं, कारण एकला मी दाणे घालतो. जिन्याच्या वळणापर्यंत गेलो आणि नाकाडोळ्यात आग झाली. वाटलं, कुणाच्या हातनं बाटली सुटली, धुतील आपले आपण. परत खाली आलो." त्यानं मनगट चोळलं. मग हळूच म्हणाला, "चार पायऱ्या आणखी चढलो असतो तर बरं झालं असतं."

धाकटे सर वेगळ्याच घडणीचे होते. बोलताना चष्मा काढत, पुसत, घालत. मोठ्या सरांबरोबर अठरा वर्षं काम, आणि अठरा वर्षांत एकाही निबंधावर पहिलं नाव त्यांचं नाही.

"राग यायचा?" बाईंनी विचारलं.

"यायचा. पण जेवणाची सुट्टी साडेबाराची असते आणि मी दोनपर्यंत खाली चौघांबरोबर बसलो होतो. विचारा त्यांना." त्यांनी चष्मा पुसला. "एक सांगतो. काल सर मला म्हणाले, एका माणसाच्या तपासणीत असं काही निघालंय की ते पोलिसांना दाखवावं लागेल. पण आधी त्याला समोर बसवून विचारतो, म्हणाले. एकदा बोलायची संधी द्यायला हवी."

"कोण तो माणूस?"

"नाव सांगितलं नाही. सर नावं कधीच सांगायचे नाहीत." ते उठले आणि दारापाशी थांबले. "पण आज दीड वाजता त्यांनी कुणालातरी बोलावलं होतं. वहीत बघा."

हवालदारानं वही आधीच उघडली होती. आजच्या तारखेपुढे, दीड वाजताच्या ओळीवर, सरांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: बारकीचे भावोजी.

३

बारकी म्हणजे सरांची सहायक. वय अठ्ठावीस, अंगानं काडी, म्हणून नाव बारकी. सर तिलाच सापडले होते. तिच्या सदऱ्याच्या बाह्यांना रक्त लागून वाळलं होतं, कारण नाकतोंड बांधून आत शिरून तिनं सरांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"भावोजींना मीच आणलं इथं," ती म्हणाली. "त्यांना जन्मापासून वास येत नाही. ताई गेली ती त्याच्यामुळंच. म्हणजे त्यांच्यामुळं नाही, त्या नसलेल्या वासामुळं. घरात गॅस गळत होता. ते घरातून बाहेर पडले तेव्हा त्यांना कळलंच नाही. नंतर ताईनं काडी ओढली."

"किती वर्षं झाली?"

"चार. मी चेहरा ओळखला नव्हता. हातातल्या अंगठीवरून ओळखलं." तिनं बाही चुरगाळली. "मला एकच कळत नव्हतं. भावोजींना वास येत नव्हता, ठीक. पण ताईला येत होता. बाजूच्या खोलीत झोपलेली ती, एवढ्या गॅसमध्ये उठून काडी ओढते कशी? आई म्हणते, झोपाळूच होती, निष्काळजी होती. मी ते शोधायला या कामात आले."

"भावोजींना वास येत नाही हे तुम्हाला लग्नाच्या वेळी माहीत होतं?"

"नाही. ताई गेल्यावरच त्यांनी सांगितलं. लाजेपोटी लपवलं, म्हणाले. खूप रडले होते."

भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं. गोरा, नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. समोर बसताना त्यांनी खुर्ची आवाज न करता ओढली. डोळे लाल झाले होते.

"साहेबांनी दीडला बोलावलं होतं," ते म्हणाले. "मी पाऊण वाजताच आलो. फाटकावरच्या माणसानं बघितलंय मला. लवकर आलो म्हणून मागच्या झाडाखाली बसलो. बरोबर दीडला वर गेलो. दार बंद होतं. बाकावर बसून राहिलो."

"किती वेळ?"

"अर्धा तास पुरा. मधे एकदा दार वाजवलं. आतून कुणी आलं नाही, गेलं नाही. दोन वाजता कंटाळून उठलो, तर जिन्यात बारकी भेटली. तिला म्हणालो, बाई, जरा बघ, सर विसरले की काय." त्यांनी डोळे पुसले. "आत ते मरून पडलेत आणि मी हातभर अंतरावर बसलोय. दुसरं कुणी असतं तर वासावरून ओळखलं असतं, काहीतरी सांडलंय. माझ्या नशिबात तेही नाही. एकदा नाही, दोनदा असं व्हावं माणसाचं?"

हवालदारानं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. बाईंनाही त्या माणसाची कणव आली. नाक गेलेल्या माणसाचं दुःख नाक गेलेल्यालाच कळतं. त्यांनी त्यांना घरी जाऊ दिलं.

संध्याकाळी उंदीरमामाच्या कपाटात रक्तानं भरलेलं एक फडकं सापडलं.

४

"मामाच, मॅडम," दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात हवालदार म्हणाला. "भांडण आहे, धमकी आहे, फडकं आहे. आता काय बाकी राहिलं?"

"कपाटाला कुलूप होतं?"

"नव्हतं."

"मग ते फडकं तिथं कुणीही टाकू शकतं. सात घाव घालणारा माणूस आपल्याच कपाटात पुरावा ठेवून दाणे घालायला जात नाही."

हवालदारानं चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि कपाळ खाजवलं. "एक विचारू? तुमचं नाक बंद आहे. मग काल बाकापाशी तुमच्या डोळ्यांना धारा कशा लागल्या? आम्हाला वाटलं, मॅडमचं नाक परत आलं."

बाईंचा हात पेल्यावरच राहिला.

वास आला नव्हता. वासाचा मागमूसही नव्हता. तरी तिथं त्यांना दोन मिनिटं उभं राहता आलं नव्हतं. आणि तेसुद्धा पावणेतीनला, बारकीनं दार उघडून पाऊण तास झाल्यावर.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

बारकी यंत्रांच्या खोलीत एकटीच बसली होती. बाईंनी तिला सरळ विचारलं, "वास येतो म्हणजे नक्की काय होतं? मला कळेल असं सांग."

ती थोडी चकित झाली, पण हा तिचा प्रांत होता. "नाकाच्या छताला नखाएवढी जागा आहे. तिथल्या पेशींना बारीक लव असते. हवेतून आलेला वासाचा रेणू त्या लवेवरच्या ग्राहकात, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या खोबणीत, जाऊन बसतो. तो बसला की पेशीच्या आत एक प्रथिन मोकळं होतं आणि जाऊन एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, उठवतं. ते विकर भराभरा निरोपे रेणू बनवतं. निरोपे पेशीच्या भिंतीतली दारं उघडतात. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, त्यानं आणखी दुसरी दारं उघडतात, आतलं क्लोराइड बाहेर पडतं, आणि पेशीत वीज खेळते. ती वीज धाग्यावरून मेंदूत जाते. पापणी लवायच्या आत होतं हे सगळं."

"माझं यातलं काय गेलं?"

"तुमचे धागे तुटले. भावोजींची ती दारंच जन्मतः बिघडलेली असणार, असं सरांना वाटायचं."

"आणि अमोनिया? तो मला कसा लागला?"

"तो टोचतो. ती नस वेगळी. डोळ्यांत कांदा जातो, जिभेला मिरची लागते, दात ठणकतो, ती चेहऱ्याची नस. तिला हे ग्राहक नि निरोपे काही लागत नाहीत. ज्याला कसलाच वास येत नाही, तोही अमोनियानं कळवळतो. ढोंगी माणूस सर त्यावरूनच पकडायचे. दुसऱ्या भेटीत सगळ्यांना अमोनिया हुंगवायचे. ज्याला खरंच वास येत नाही तो म्हणतो, नाक जळालं. ढोंग करणारा म्हणतो, मला काहीच…"

बारकी मधेच थांबली.

"तुम्ही कुणाबद्दल विचारताय?" तिनं विचारलं.

५

"एक वाजता बाटली फुटली," बाई म्हणाल्या. "मामा जिन्याच्या वळणावरून परत फिरला. पावणेतीनला मी बाकापाशी टिकले नाही. तुझे भावोजी दीड ते दोन त्याच बाकावर बसले होते म्हणतात, आणि त्यांना काही जाणवलं नाही."

"त्यांची ती नसही मेलेली असेल," हवालदार म्हणाला. त्याला अजून त्या माणसाची दया येत होती.

बारकीनं मान हलवली. "आईच्या हातचं तिखट खाताना त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं. दर गुरुवारी डबा मीच नेते, बघते मी."

"म्हणजे ते बाकावर नव्हते," बाई म्हणाल्या. "वास येवो न येवो, तिथं कुणी अर्धा तास बसूच शकत नाही. फाटकावरच्यानं त्यांना आत येताना बघितलं होतं, तेव्हा मधल्या वेळाचा हिशेब द्यायला हवा होता. त्यांना वाटलं, वास न येणाऱ्या माणसाला बाक शोभेल. आता प्रश्न एवढाच, की खोटं का बोलावं लागलं. यंत्रात तपासण्यांची नोंद राहते?"

"राहते. पण नुसते नंबर. नावं फाईलमध्ये."

"तारीख असते ना? तू त्यांना कोणत्या दिवशी आणलं होतंस?"

बारकी उठली. ती गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी त्यांना घेऊन आली होती आणि बाहेर बसली होती. आत सरांनी एकट्यानं तपासणी केली होती. नाकात वर केसाएवढी तार टेकवायची, वासाची एक फुंकर सोडायची, आणि पेशींमध्ये वीज खेळते का ते बघायचं. माणसानं तोंडानं काहीही सांगितलं तरी तार आपलं काम करते. आई मागे लागली होती, बारकी मागे लागली होती, नाही म्हणायला भावोजींना जागाच उरली नव्हती. त्यांना वाटलं असेल, वास येत नाही असं म्हटलं की संपलं.

मंगळवारची एकच नोंद होती. क्रमांक एकोणीस. बारकीनं ती पडद्यावर आणली.

ज्यांना जन्मतः वास येत नाही, त्यांची रेघ सपाट जाते. ही रेघ सपाट नव्हती. गुलाबाची फुंकर सुटली तिथं ती खोल खाली गेली होती आणि सावकाश वर आली होती. अत्तराला तशीच. शेवटच्या फुंकरीपुढे सरांनी लिहिलं होतं: घरगुती गॅसमध्ये मिसळतात तो वास. तिथली खाच सगळ्यांत खोल होती.

बारकीनं त्या खाचेवर बोट टेकवलं.

"त्यांना येतो," ती म्हणाली. "त्यांना वास येतो."

६

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भावोजी भिंग घासायच्या चाकापाशी वाकून बसले होते. बाई एकट्याच आत गेल्या. हवालदार रस्त्यापलीकडे उभा राहिला.

"या, मॅडम. सापडला का कुणी?"

"एक बारीकसारीक राहिलंय. कालचं निवेदन पक्कं करायचंय. तुम्ही बाकावर बसलात तेव्हा आत अमोनिया सांडलेला होता. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"अमोनिया काय, रॉकेल काय, मला सगळं सारखंच. नुसती हवा." ते खिन्न हसले. "तुम्हाला नाही समजायचं ते."

"समजतं. माझंही नाक गेलेलं आहे."

बाईंनी पिशवीतून छोटी बाटली काढली, बूच उघडलं आणि स्वतःच्या नाकाखाली धरली. एक श्वास. डोळे लाल झाले, गालावरून पाणी ओघळलं, त्या खोकल्या. मग त्यांनी बाटली काचेच्या टेबलावर भावोजींपुढे सरकवली.

"वास आला नाही मला," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तरी बघा काय झालं. तुम्ही अर्धा तास बसलात म्हणता. आता अर्धं मिनिट बसून दाखवा."

भावोजींनी बाटलीकडे पाहिलं. वाफ त्यांच्यापर्यंत पोचली होती. पापण्या फडफडायला लागल्या आणि त्यांनी त्या थांबवायचा प्रयत्न केला. एक थेंब निसटून नाकाशेजारून खाली आला.

मग तो माणूस उठला. इतक्या चपळाईनं उठला, की बाईंचा हात कमरेपर्यंत पोचलाच नाही. चष्म्याच्या फ्रेमचे स्क्रू पिळायचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या उजव्या तळहातातून आरपार गेला आणि टेबलाच्या लाकडी पट्टीत रुतला. दुसऱ्या हातानं त्यानं त्यांचे केस धरले आणि डोकं काचेवर आपटलं. काच फुटली. पुन्हा आपटलं. तोंडातून आवाज नाही, चेहऱ्यावर राग नाही, दळण दळावं तसं तो ते करत होता. तिसऱ्या वेळी बाईंनी डाव्या हातानं ती बाटली उचलून त्याच्या तोंडावर रिकामी केली.

तो किंचाळला. डोळे धरून मागं गेला, चाकावर आदळला, फिरत्या चाकानं त्याच्या कोपराची सालं काढली. तेवढ्यात हवालदार दार ढकलून आत आला आणि त्यानं त्याला फ्रेमांच्या कपाटावर असा फेकला, की दोनेकशे चष्मे त्याच्या अंगावर पडले. फुटक्या काचांत पालथा घालून त्याच्या पाठीवर गुडघा रोवल्यावरच हवालदारानं मागं वळून पाहिलं.

"मॅडम, हात हलवू नका," तो म्हणाला. "मी काढतो."

७

धुतलेल्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून भावोजी दवाखान्याच्या खाटेवर पडले होते. तिथंच त्यांनी सांगितलं. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. सगळं कळलंय हे कळल्यावर लपवायचा कंटाळा आला म्हणून.

सरांनी वेळ दीडची दिली होती, पण ते पाऊण वाजताच मागच्या जिन्यानं वर गेले. सरांनी त्यांच्यापुढे रेघ ठेवली आणि म्हणाले, तुमची बाजू सांगा. सांगायला बाजू नव्हती. सरांनी फाईल खणात ठेवून कुलूप लावलं आणि पाठ फिरवली, तेव्हा पाना हाताशी होता. काच फुटली, डोळ्यांत आग झाली, तरी खण उचकटून फाईल घेतली. खालच्या न्हाणीघरात तासभर डोळे धुतले, फाईल फाडून फाडून पाण्यात सोडली, रक्त पुसलेलं फडकं वाटेतल्या उघड्या कपाटात टाकलं. मग दोन वाजता जिन्यात उभे राहिले.

आणि चार वर्षांपूर्वी?

"ती मला सोडून जाणार होती," ते म्हणाले. "पिशवी भरून ठेवली होती."

त्या दुपारी ती झोपली होती. त्यांनी खिडक्या लावल्या, शेगडीची कळ थोडीशीच उघडली आणि दुकानात गेले. दोन तासांनी परत आले. घराच्या दाराशी वाकून फटीला नाक लावलं. पुरेसा भरला होता. तसेच खाली उतरले आणि समोरच्या दुकानातून घरी फोन केला. ती झोपेतून उठून बोलली. ते म्हणाले, चहा ठेव, पाच मिनिटांत येतो.

निरीक्षक बाईंच्या बरोबरचा लिहिणारा पोलीस इथं लिहायचा थांबला. बाईंनी त्याला खुणेनं पुढं लिहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या बारकीबरोबर तिच्या आईकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर, चौथा मजला. गुरुवार होता. टेबलावर जावयासाठी तीन पुडांचा डबा भरून झाकून ठेवलेला होता. आईला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

बारकीनं सांगितलं. मधे थांबली नाही. आई डब्याकडे बघत ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"तिला वास का नाही आला मग?"

"येत होता, आई. पण गॅस हळूहळू भरला. वासाची दारं उघडली की जे कॅल्शियम आत येतं ना, तेच थोड्या वेळानं ती दारं लावायला लागतं. सारखा तोच वास असला की नाक गप्प होतं. खोलीतल्या माणसाला कळत नाही. बाहेरून येणाऱ्याला दारातच कळतं." तिचा आवाज फाटला. "ती झोपाळू नव्हती. निष्काळजी नव्हती. तिच्या नाकानं तिला सांगितलंच नाही."

"आणि त्याला बाहेरून कळलं."

"हो."

आई उठली. डबा उचलून तिनं मोरीत उपडा केला आणि नळ सोडला. मग नळ बंद करून ती बाईंसमोर येऊन बसली. ओले हात मांडीवर.

"साहेब, खटल्यात तो म्हणेल, त्याचं बायकोवर प्रेम होतं. सगळे तेच म्हणतील. मीसुद्धा चार वर्षं तेच म्हणत आले." ती बारकीकडे बघत नव्हती. "जायच्या आठ दिवस आधी ती माझ्याकडे आली होती. हिला माहीत नाही. पाठ दाखवली तिनं मला. मी म्हणाले, सगळ्यांच्याच घरी असतं थोडंफार. जेवू घातलं आणि परत पाठवली. हे मला कोर्टात सांगायचंय. आत्ता लिहून घ्या. उद्यावर टाकलं तर माझी जीभ उचलणार नाही."

बाईंनी कागद काढला. पेन धरायला गेल्या, पण उजव्या हाताच्या पट्टीतून बोटं मिटेनात. हवालदार खाली गाडीत होता. त्यांनी त्याला हाक मारायला खिडकीकडे पाहिलं.

बारकीनं पेन त्यांच्या हातातून घेतलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ती आईपासून जितकं लांब बसता येईल तितकी लांब बसली होती. पण तिनं कागद पुढे ओढला, वर तारीख घातली, आणि आईकडे पाहिलं.

"सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."

"ती खांद्यानं दार ढकलून आत आली," आई म्हणाली. "कारण तिचे हात वर होत नव्हते."

बारकीनं ते लिहिलं.